खांद्यावरचा हात

प्रोजेक्टरवर माझी आई आली तेव्हा मी मागच्या बाकावर लपून समोसा खात होते. घास तोंडातच राहिला. आई पडद्यावर भिंतीएवढी होती, तरुण होती, आणि तोंड वाकडं करून रडत होती. खाली पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बुटीबोरी येथील कारखान्यातील अपघातात मृत्यू पावलेल्या कामगाराची पत्नी.'

माझे बाबा त्याच सकाळी नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये गिझर चालत नाही म्हणून कंपनीच्या माणसाशी फोनवर भांडत होते. मी निघाले तेव्हा भांडण अर्धवट सोडून जिन्यातून ओरडले, "हेल्मेट घेतलं का बेटा?" मेलेला माणूस ठणठणीत होता. त्याची विधवा या वेळी टीव्ही लावून मेथी निवडत बसली असणार. मी पडद्याकडे पाहत राहिले.

मी तेव्हा विद्यापीठात फोटोजर्नालिझम शिकत होते, दुसऱ्या वर्षाला. आमच्या नातेवाइकांना हे शिक्षण अजून समजलेलं नाही. लग्नाचे फोटो काढायला कॉलेज काहून लागतं, असं मला प्रत्येक लग्नात विचारतात आणि लगेच स्टेजजवळ उभं करतात. मला मात्र पेपरातच काम करायचं होतं, आणि त्या कामातलं मला जे काही येत होतं ते सगळं एका सरांकडून आलेलं होतं. सर आधी एका दैनिकात फोटोग्राफर होते. नागपुरात किंवा आसपास कुठेही काही झालं की सगळ्यांच्या आधी पोचायचे. त्यांच्या एका फोटोला मोठं बक्षीस मिळालं आणि त्याच्यावर त्यांचं नाव झालं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. फोटो मात्र ते दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवायचे. तो हा.

"काय दिसतं?" सरांनी विचारलं. ते नेहमी असंच सुरू करायचे. कॅप्शन नंतर वाचा, आधी फोटो वाचा, असं त्यांचं म्हणणं.

मुलं बोलायला लागली. कपाळ मोकळं आहे. गळा मोकळा आहे. हातात एक बांगडी नाही. मुठीत पदराचं टोक घट्ट धरलेलं आहे. आणि खांद्यावर एक हात आहे, फोटोच्या कडेतून आत आलेला, मनगटापर्यंतच दिसणारा, हिरव्या बांगड्यांनी भरलेला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, एक सवाष्ण एका विधवेला धीर देतेय."

"बरोबर," सर म्हणाले. "भरलेलं मनगट आणि मोकळं मनगट. एवढंच ठेवलं. बाकी सगळं मी कापून टाकलं."

मी काही गप्प बसणाऱ्यांतली नाही. वर्गात कुणी चुकीचं बोललं की माझी जीभ वळवळते, आणि इथे तर माझ्या आईचं कपाळ वाचणं चाललं होतं. पण त्या दिवशी माझी दातखीळ बसली. उठून म्हणणार तरी काय होते? सर, या बाईचा नवरा गिझरसाठी भांडतोय, असं?

वर कडी म्हणजे तास संपताना सरांनी जाहीर केलं की विभागाच्या प्रदर्शनात हा फोटो दारासमोर लागणार, माणसाच्या उंचीचा. प्रदर्शनाच्या कॅप्शन लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं मराठी शुद्ध आहे असा सरांचा समज. "याची कॅप्शन आहे तशीच राहू दे," ते मला म्हणाले. मी मान हलवली, पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला, आणि पार्किंगमध्ये येऊन गाडीला टेकून उभी राहिले.

खरं सांगायचं तर बाबा एकदा मेले होते हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्या घरातला तो सगळ्यात जुना विनोद.

आमची दोन्हीकडची माणसं उमरेडची, विणकरांची. हातमाग बंद पडत गेले तसे आईबाबा बुटीबोरीला येऊन एका कापड कारखान्यात लागले. बाबा रंगाईच्या खात्यात, आई सूत गुंडाळायच्या मशीनवर. मी तेव्हा रांगत होते. एक दिवस रंगाई खात्यात अपघात झाला. दुसऱ्या दिवशी आईचा रडतानाचा फोटो पेपरात आला आणि उमरेडला मामानं तो न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना पाहिला. आमच्याकडे नवरा गेला की माहेरची माणसं बाईला दुखवट्याचं लुगडं घेऊन जातात. मामानं दुकान उघडायला लावून लुगडं घेतलं, मिळेल ती गाडी पकडली आणि गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला. दार बाबांनी उघडलं. तोंडात ब्रश होता. मामा लुगड्यासकट ओट्यावर मटकन बसला, आणि बाबा म्हणाले, "या साळेबुवा, चहा घ्या, आताच मेलो."

ते खरंच असं म्हणाले असतील का, याची मला शंका आहे. कारण त्या अपघातात एक माणूस खरोखर गेला होता, आणि तो बाबांचा जिवाभावाचा मित्र होता. ते दोघं एकाच खात्यात, एकाच पाळीत होते आणि एकाच सायकलवर कामाला जायचे. त्याची बायको म्हणजे माझी मावशी. मावशी सख्खी नाही, आईची उमरेडपासूनची मैत्रीण. बुटीबोरीत त्या शेजारशेजारच्या खोल्यांत राहायच्या. आम्ही बेसाला आलो तेव्हा आईनं तिच्यासाठीही दोन गल्ल्या सोडून खोली शोधायला लावली. मावशी साड्यांना फॉल-बीडिंग करते, तिची मुलगी लग्न होऊन अमरावतीला गेली. दुपारचा चहा ती आमच्याकडेच घेते, न चुकता. ती घरात असली की मरणाचा तो विनोद कुणी काढत नसे, आणि मला ते साहजिकच वाटायचं. तो फोटो मात्र मी कधी पाहिला नव्हता. त्या पेपरचं कात्रण आमच्या घरात कुणी ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी मी मोबाइल बाबांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा वर केला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि हसले. "अरे, हा तर तोच. पाह्य वं, कशी दिसून राहिली तू."

आई कणीक मळत होती. तिनं मान वळवून पाहिलं आणि तिचे हात परातीत थांबले.

"तुला विधवा करून भिंतीवर टांगणार आहेत," मी म्हटलं. "कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, झालं, लावला निकाल. जवळ जाऊन एक शब्द विचारायला काय झालं होतं? मी उद्या जाऊन सगळं सांगते त्यांना."

"मशीनवर गळ्यात काही ठेवू देत नव्हते," आई सावकाश म्हणाली. "सुतात अडकलं तर मान जाईन म्हणत. बांगड्या पण नाही. टिकल्या घामानं निघत, तर त्या आम्ही सगळ्या जणी बाथरूमच्या आरशाले चिकटवून ठेवो. आणि मंगळसूत्र पदराच्या गाठीत." तिनं कणकेचं बोट मोबाइलच्या काचेजवळ आणलं. "हे पाह्य. गाठ धरून आहो मी."

वर्गात त्या मुठीवर सगळे भरभरून बोलले होते. असहाय्यता म्हणाले, पोरकेपण म्हणाले. मुठीत मंगळसूत्र होतं.

मला वाटलं, आता आईही हसेल. तिनं हात धुतले, पुसले, आणि भलतंच विचारलं. "हा पुरा फोटो नाही ना? बाजूची दिसते का याच्यात?"

"बाजूची कोण?"

मी फोटो मोठा केला. खांद्यावरचा तो हात, हिरव्या बांगड्या, आणि करंगळी. ती करंगळी मधल्या पेरात वाकलेली होती. लहानपणी मागाचा धोटा लागून वाकलेली ती करंगळी मी रोज दुपारी चहाच्या कपाला पाहते.

"ही मावशी आहे?"

बाबांनी टीव्ही बंद केला. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच खाली बसली.

अपघात झाल्यावर सगळ्यांना गेटबाहेर काढलं होतं, ती म्हणाली. ती गेटच्या जाळीला लागून उभी होती. तेवढ्यात मावशी डबा घेऊन आली. तिचा नवरा त्या दिवशी डबा घरीच विसरला होता. मग आतून बाबा आले. ते जाळीपाशी आले आणि हळूच आईच्या कानाशी म्हणाले, तो गेला, मी पाहिलं, तिले आता नको सांगू.

"मले रडू फुटलं," आई म्हणाली. "आणि हिनं तुह्या बाबाले जिवंत पाह्यलं आणि हसली. हे दोघं रोज संगंच राहत. हे सुटले म्हणजे तेही सुटले, असं वाटलं तिले. मलेच समजावून राहिली. म्हणे, आले ना भाऊजी, मंग आता काहून रडतं? मी म्हटलं, हे दिसले म्हणून रडू आलं."

धीर देणारी सवाष्ण म्हणून वर्गानं जिच्या बांगड्या वाखाणल्या होत्या, तीच ती बाई होती जिचा नवरा गेला होता. आणि जिला आम्ही विधवा म्हणून वाचत होतो ती तिच्यासाठी रडत होती. आख्खा फोटो उलटा होता.

"मावशीला हे माहीत नाही?"

"तिले वाटते आम्हा दोघींले संगंच समजलं. नंतर, घरी, तुह्या बाबानं येऊन सांगितलं तवा." आईनं पदरानं तोंड पुसलं. "तिनं मले तोंडावर विचारलं होतं, आणि मी तोंडावर खोटी बोलली. मंग कधी सांगायचं जमलंच नाही. आता एवढ्या वर्षांनी कोणत्या तोंडानं सांगू? तिले समजलं तर ती माह्या दारात पाय ठेवणार नाही. आणि तिले माह्याशिवाय आहे कोण इथं?"

मी काही बोलणार, त्याआधीच ती पुढे म्हणाली, "तुह्या सरायले काही सांगू नको. मले विधवा राहू दे भिंतीवर. माहं काय बिघडते? पण पुरा फोटो कुठी निघाला नाही पाहिजे."

मला एकदम मामाचं लुगडं आठवलं. "मग ते लुगडं कुठे गेलं गं? दुखवट्याचं?"

"तिच्या माहेरचं कोणी आलंच नाही," आई म्हणाली. "तेच नेसवलं तिले."

बाबा खाली मान घालून बसले होते. तो विनोद आमच्या घरात त्यानंतर कुणी सांगितलेला मला आठवत नाही.

आईनं नको म्हटलं तरी मी दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलेच. ती कॅप्शन माझ्या हातानं लिहायची, हे मला जमणारं नव्हतं. फोटो लावूच नका, एवढंच सांगायचं, मावशीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं घोकत गेले. सर त्यांच्या खोलीत चहा पीत होते. मी दार लावलं आणि म्हटलं, "सर, तो फोटो माझ्या आईचा आहे. आणि माझे बाबा जिवंत आहेत."

सरांनी कप खाली ठेवला तो बशीत नाही, कागदांवर. चहा सांडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मी मशीन, टिकल्या, पदराची गाठ सगळं भडाभडा सांगितलं. ते मध्ये एकदाच बोलले. म्हणाले, "पेपरच्या डेस्कवर फोन करून मीच सांगितलं होतं, गेलेल्याची बायको म्हणून. कपाळ पाहून सांगितलं." मग उठून त्यांनी कपाट उघडलं, जुन्या निगेटिव्हच्या पट्ट्या काढल्या, त्यातली एक खिडकीकडे धरली, आणि भिंग लावून पाहत राहिले.

"ही हसतेय," ते म्हणाले. "हसत होती म्हणून कापली मी हिला. फोटो बिघडवत होती." मग भिंग खाली न घेताच त्यांनी विचारलं, "त्या दिवशी एकच माणूस गेला होता. तुझ्या आईचा नवरा नाही, तर मग त्याची बायको कुठे होती?"

मी सांडलेल्या चहातले कागद उचलायला लागले. पण समोर जन्मभर लोकांचे चेहरे वाचलेला माणूस उभा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पट्टीकडे पाहिलं, आणि खुर्ची मागे आहे की नाही हेही न बघता खाली बसले.

मला वाटलं ते माफी मागतील. मला वाटलं, आता फोटो उतरला. सर म्हणाले, "खरा फोटो हा आहे. मी आयुष्यभर त्याचा चुकीचा तुकडा दाखवत आलो. आपण पुरा लावू. खरी कॅप्शन लिहू. तू लिही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाकडून मी सगळं शिकले, त्याला त्या क्षणी त्या बाईच्या हसण्यात चांगला फोटो दिसला, ती बाई दिसली नाही. मी त्यांच्या हातातून पट्टी ओढून घेणार होते, पण त्यांनी भिंग माझ्यासमोर धरलं आणि मी पाहिलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं. तरी दिसलं. एका हातात डबा, एक हात आईच्या खांद्यावर, आणि तोंडभर हसू. फोटो खरंच फार चांगला होता. तो मला चांगला वाटला याचाच मला जास्त धक्का बसला.

"नाही लावायचा," मी म्हटलं. "तुम्ही आम्हाला काय शिकवता, सर? ज्याचा फोटो आहे त्याला विचारा. तेव्हा विचारलं नाही, आता तरी विचारा. आणि ती नाहीच म्हणणार. मी सांगते ना, नाहीच म्हणणार."

"मग विचारायला मीच येतो," सर म्हणाले. "तुझ्या आईची माफीही मागायची आहे."

मी आधी घरी बोलते, तोवर येऊ नका, असं मी दोनदा बजावलं. त्यांनी हो म्हटलं. दारासमोरची ती जागा प्रदर्शनात शेवटी रिकामीच राहिली, पण ते सरांमुळे झालं नाही आणि माझ्यामुळेही नाही.

रविवारी दुपारी आई आणि मावशी हॉलमध्ये फरशीवर प्लास्टिक अंथरून मुंगवड्या टाकत होत्या. वाटलेल्या मुगाच्या डाळीची परात मध्ये, दोघींचे हात मनगटापर्यंत माखलेले. मावशी विहिणीच्या कुरबुरी सांगत होती आणि आई बरोबर ठरलेल्या जागी "हो ना बाई" म्हणत होती. बेल वाजली. दारात सर होते, काखेत कागदाची लांब नळी.

मी दार अर्धवट लोटून धरलं, पण मागून बाबा आले आणि पाहुणा म्हटल्यावर "या ना जी, या" करून मोकळे झाले. सरांनी चपला काढल्या, आत आले, आईला ओळखलं आणि हात जोडले. "ताई, मी तुमचा फोटो काढला होता. बुटीबोरीला. मी चुकलो."

"बापा," मावशी खुशीत म्हणाली, "तुहा फोटो यायनं काढला होता? तो पेपरातला? मी तर पाह्यलाच नाही कधी. मले तवा कुठं भान होतं." तिनं मान उंचावून नळीकडे पाहिलं. "दाखवा ना जी."

सरांनी तिच्याकडे वळून पाहिलं, आणि मी सांगते, त्यांचा चेहरा उतरताना मी पाहिला. त्यांची नजर तिच्या डाळीनं माखलेल्या हातावर होती, वाकड्या करंगळीवर. आठवडाभर ते ती करंगळी भिंगातून पाहत होते. त्यांनी नळी छातीशी धरली. "नको," ते म्हणाले. "नंतर कधी. मी निघतो."

"असं कसं निघता? चहा तरी घ्या." मावशी माझ्याकडे वळली. "खोल वं पोरी. माह्या मैत्रिणीचा फोटो आणि मीच नाही पाहू?"

मी आईकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. आई परातीतल्या डाळीकडे पाहत होती. एक वडी तिनं बोटांवरून सोडली, ती वेडीवाकडी पडली. तिला हात धुऊन मला आत बोलवता आलं असतं. फोटो खराब झाला, असंही म्हणता आलं असतं. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते की ती काय थाप मारते.

ती उठली, पदराला हात पुसले, आणि सरांच्या हातातून नळी स्वतः काढून घेतली. "दाखवते," ती म्हणाली.

फोटो फरशीवर, वड्यांच्या शेजारी उलगडला. कोपरे उचलत होते म्हणून आईनं एका टोकाला डाळीची परात ठेवली, दुसऱ्या टोकाला स्वतःचा पाय. मावशी वाकली. तिनं आईला पाहिलंच नाही, आधी स्वतःला पाहिलं.

"अवं माय, ही मी. किती बारीक होती मी." ती हसली. हसू तेच होतं, मी निगेटिव्हमध्ये पाहिलेलं. "आणि हा डबा पाह्य. आमच्या यायचाच आहे, कडी तुटलेला." तिनं बोट जवळ नेलं आणि माखलंय म्हणून मागे घेतलं.

मग ती बोलायची थांबली. तिला दिवस ओळखू आला. पंखा फिरत होता, खालून कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मावशीनं फोटोतल्या आईकडे पाहिलं, मग समोरच्या आईकडे.

"मी हसून राहिली याच्यात," ती म्हणाली. "आणि तू रडून राहिली."

आईनं फोटोच्या टोकावरचा पाय आणखी घट्ट रोवला.

"तू म्हटलं, भाऊजी दिसले म्हणून रडू आलं."

"म्हटलं."

"तुले तवाच माहीत होतं?"

"हो," आई म्हणाली. "यायनं जाळीतून सांगितलं होतं."

बाबा बाल्कनीच्या दाराला धरून उभे होते, त्यांनी तोंड बाहेर वळवलं. मावशी टाचांवर बसली होती ती हळूच खाली फरशीवर बसली. दोन्ही हात तिनं अंगापासून दूर धरले होते, कपड्यांना लागू नयेत म्हणून.

"मंग घरी नेऊन मले जेवू काहून घातलं?"

हे आईनं आम्हाला सांगितलं नव्हतं.

"तू सकाळपासून उपाशी होती," आई म्हणाली. "आधी सांगितलं असतं तर मंग तू किती दिवस जेवली नसती. जेवण झालं तवा दुपारीच यायले सांगायला लावलं."

"त्यायच्या डब्यातलं वाढलं तूनं."

"हो."

"मी म्हटलं, यायच्यासाठी ठेव, आल्यावर भूक लागली राहीन. तू म्हटलं, खाय तू, त्यायच्यासाठी ताजं करू."

"हो," आई म्हणाली.

सर पुढे झाले. "ताई, सगळी चूक माझी आहे. मी तेव्हा..." मावशीनं त्यांच्याकडे न पाहता माखलेला हात वर केला आणि ते थांबले. त्या क्षणी मला सर, फोटो, प्रदर्शन, सगळ्याचा संताप आला. एवढी वर्षं रोज एकमेकींच्या हातचा चहा पिणाऱ्या दोन बाया माझ्यासमोर तुटत होत्या, आणि ते मीच मोबाइलमध्ये घालून घरी आणलं होतं.

मावशी फोटोकडे पाहत राहिली. डाळ तिच्या हातावर सुकायला लागली होती. शेवटी आईच न राहवून म्हणाली, "राग आला ना वं?"

"आला," मावशी म्हणाली.

तिनं फोटोतल्या त्या हसणाऱ्या बाईकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग मान वर करून आईला विचारलं, "इतक्या लवकर काहून सांगितलं वं मले? दिवस बुडेपर्यंत तरी थांबायचं होतं."